जात्यावाचून ओवी

माझी आई ओव्या विसरली, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. २०११ सालच्या मे महिन्यात मी वही घेऊन तिच्यापुढे बसलो, तेव्हा तिने दोन ओव्या सांगितल्या, तिसरीला अडखळली आणि “आता कुठं रे आठवतंय ते!” असे म्हणून भाजी निवडायला लागली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक जुने जाते पडले होते. थोरल्या वहिनींना काय वाटले कोण जाणे; त्यांनी ते खाली उतरवून घेतले, पुसले, खुंटा ठोकून बसवला, मूठभर ज्वारी घातली आणि म्हणाल्या, “आई, जरा हात लावून बघा.”

आईने खुंट्याला हात घातला. जाते दोन फेरे मुकाट्याने फिरले आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. त्या एका दुपारी मला बेचाळीस ओव्या मिळाल्या. जाते थांबले की ओवी थांबे. ‘मघाची पुन्हा सांग’ म्हटले की आईला ती येत नसे. पुन्हा दाणे घालावे लागत.

ही हकीकत मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. मुले हसतात, मीही हसतो. पण तिचा खरा अर्थ मला कळला तो गेल्या वर्षी, आणि कळवला कोणी, तर एका संगणकाने! मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाविषयी लिहावे हा अतिप्रसंग आहे खरा. परंतु ज्याला वीज कडाडून भिववते त्यानेही विजेविषयी दोन शब्द बोलावेत, इतपत अधिकार मला पोचतो असे वाटते.

आईच्या त्या दुपारीपासून मला ओव्यांचे वेड लागले. सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आज्यांच्या ओव्या लिहून आणायला सांगू लागलो. वर्षे गेली, वह्या साठल्या, त्या टंकलिखित झाल्या आणि संख्या अठरा हजारांवर गेली. मग एक अडचण उभी राहिली. ओवी ही सासरी जाणाऱ्या मुलीसारखी असते. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना एखादा शब्द मागे ठेवते, एखादा नवा घेते. यांतल्या कोणत्या ओव्या एकमेकींच्या बहिणी, हे ओळखायचे कसे? प्रत्येक ओवी दुसऱ्या प्रत्येक ओवीशी ताडून पाहायची म्हटले तर सोळा कोटींवर जोड्या होतात. सेकंदाला एक जोडी, तीही अजिबात न झोपता पाहिली, तरी पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. इतक्या अवधीत माणूस दुसरे एम. ए. होईल.

आमच्या स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक होते. मला ते ‘काय हो मराठी!’ अशीच हाक मारीत. माझे रडगाणे ऐकून ते म्हणाले, “हात्तिच्या! हे यंत्राचं काम आहे.” २०१४ साली त्यांनी ‘सी’ या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. तीन हजार ओव्यांवर तो चालवूनही पाहिला. बाकीचे पुढे करू, असे म्हणता म्हणता परीक्षा आल्या, समित्या आल्या, आणि २०२१ सालच्या त्या भयंकर लाटेत ते स्वतःच गेले. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीने एक पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. “तुमचं नाव आहे यावर,” एवढेच त्या म्हणाल्या. आत प्रोग्रॅमच्या पाच फायली होत्या आणि एक चिठ्ठी: ‘मेक म्हणा, मग चालवा.’

एका विज्ञानसंस्थेच्या सामायिक संगणकावर, एका संयुक्त प्रकल्पामुळे, मला खाते मिळाले होते. सामायिक संगणक म्हणजे एक मोठा वाडाच म्हणा ना! एकाच वेळी शेकडो बिऱ्हाडे त्यात नांदत असतात. कोणी पावसाचे गणित मांडतो, कोणी औषधाचे रेणू फिरवून पाहतो. यंत्र महाग, म्हणून ते अनेकांनी वाटून घ्यावे, ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांनी असे वाटून घेतलेले यंत्र १९६१ साली चालवून दाखवले होते. वाड्याचा मुख्य नियम एकच: सामायिक वस्तूला हात लावायचा नाही. प्रत्येकाला आपापला एक कोनाडा मिळतो. तो तुम्ही हवा तसा लावा.

या वाड्याशी बोलायचे ते चित्रे दाबून नव्हे, तर काळ्या खिडकीत अक्षरे टंकून. आपले म्हणणे ऐकून घेऊन ते आतल्या गाभ्यापर्यंत पोचवणाऱ्या दुभाष्याला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे टरफल, कवच. नारळात खोबरे आत आणि करवंटी बाहेर, आपला हात लागतो तो करवंटीला. हे नाव लुई पूझाँ या फ्रेंच गृहस्थाने १९६०नंतरच्या दशकात दिले. आज बहुतेक ठिकाणी असतो तो ‘बॅश’ नावाचा शेल, १९८९ सालचा. त्याच्याआधी बोर्न आडनावाच्या गृहस्थांचा शेल होता, म्हणून याचे पूर्ण नाव ‘बोर्न अगेन’, म्हणजे बोर्न यांचा पुन्हा आणि पुनर्जन्म पावलेलाही! श्लेष करणारी माणसे या खात्यातही आहेत हे पाहून मला आपली माणसे भेटल्यासारखे झाले.

दुसरा शब्द ‘कंपायलर’. आपल्याकडे त्याला संकलक म्हणतात. मला वाटे, हे भाषांतर कोणीतरी कोशात पाहून चिकटवले असावे. कारण हा प्राणी करतो ते भाषांतर, संकलन नव्हे. माणसाने लिहिलेला मजकूर तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. पण शोध घेता कळले की ग्रेस हॉपर या विदुषीने १९५२ च्या सुमारास पहिला कंपायलर केला, तेव्हा फितीवर साठवलेले तयार तुकडे गोळा करून एकत्र जोडणे हेच त्याचे काम होते. म्हणजे संकलनच! कोशकारांची मी मनोमन क्षमा मागितली.

इतकी व्युत्पत्ती पदरी बांधून मी काळ्या खिडकीत ‘मेक’ टंकले. मंगळागौरीच्या झिम्म्यासारख्या ओळी भराभर वर गेल्या आणि शेवटी उत्तर आले की, एकाच नावाच्या अनेक व्याख्या झाल्या आहेत, सबब काम होणार नाही.

मित्राचा प्रोग्रॅम चुकला? माझा विश्वास बसेना. तीन हजार ओव्यांवर चाललेला मी डोळ्यांनी पाहिला होता. मी माझ्या भाच्याला फोन केला. तो अशाच यंत्रांवर काम करतो.

“मामा, प्रोग्रॅममध्ये काही बिघडलेलं नाही,” तो म्हणाला. “भोवतालचं जग बदललंय.”

खुलासा असा. ओव्यांची एकूण संख्या ज्यात ठेवायची, ते नाव मित्राने पाचही फायलींत सारखेच लिहून ठेवले होते. जुन्या रीतीत ही पाचही ठिकाणे एकच समजून त्यांना एक सामायिक जागा दिली जाई. एकत्र कुटुंबात ‘आईची पेटी’ म्हटले की पाचही भाऊ एकाच पेटीविषयी बोलताहेत हे जसे सगळ्यांना कळते, तसेच. पण जीसीसी नावाचा जो कंपायलर सर्वत्र वापरतात, त्याच्या २०२० साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीपासून ही समजूत मागे पडली. आता पाच जणांनी ‘आईची पेटी’ म्हटले की तो पाच पेट्या धरतो आणि भांडण लावून मोकळा होतो. मित्राने लिहिले तेव्हा ४.८ ही आवृत्ती चालत होती. माझ्यासमोर होती अकरावी.

“मग आता?”

“जुना कंपायलरही तिथं असेल. ‘मॉड्यूल अव्हेल’ टंका.”

टंकले, आणि भुसारी दुकानातल्यासारखी भली मोठी यादी समोर आली. एकाच कंपायलरच्या कितीतरी आवृत्त्या फळीवर मांडून ठेवलेल्या! वाड्यात शंभर जणांना शंभर तऱ्हेचे लागणार, म्हणून ही सोय. मॉड्यूल ही युक्ती जॉन फर्लानी यांनी १९९१ साली मांडली. ‘मॉड्यूल लोड’ म्हणून हवी ती आवृत्ती मागायची. ती फक्त आपल्या कोनाड्यात येते, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. मी जीसीसी ४.८.५ मागितला, देवनागरी अक्षरे जाणणारी एक लायब्ररी मागितली आणि पुन्हा ‘मेक’ म्हटले. या वेळी एकही तक्रार आली नाही. दहा वर्षांपूर्वीचा मजकूर आपल्या दहा वर्षांपूर्वीच्या सोबत्याला भेटला आणि मुकाट्याने चालू लागला. रात्रीचे अकरा वाजले होते. मी यंत्र बंद केले आणि समाधानाने झोपलो.

सकाळी नव्याने दार उघडून आत गेलो, प्रोग्रॅम चालवला, तर उत्तर: लायब्ररी सापडत नाही. मी मागवलेल्या वस्तू त्या बैठकीपुरत्याच होत्या. बैठक मोडली की सतरंज्या परत जातात! शेलजवळ दोन याद्या असतात. एका यादीचे नाव ‘पाथ’. आज्ञा दिली की ती वस्तू कोणत्या फडताळात शोधायची, हे त्यात लिहिलेले. दुसरी यादी लायब्ऱ्या कुठे शोधायच्या याची. मॉड्यूल करते काय, तर या याद्यांत आपल्या फडताळाचे नाव वरती घालते. शोध वरून खाली चालतो आणि पहिली सापडेल ती वस्तू उचलली जाते. दोन डब्यांत साखर असली तर पुढच्या डब्यातली चहात पडते. एवढे हे साधे आहे.

हे रोज कोण करणार? घरात शिरताच सारे मांडलेले हवे. यासाठी कोनाड्यात ‘बॅशआरसी’ नावाची फाईल असते. शेल उठला की प्रथम ती वाचतो. यातले ‘आरसी’ म्हणजे ‘रनकॉम’. तेही पूझाँ यांच्याच वेळचे, म्हणजे साठ वर्षांचे जुने अक्षरांचे वळण अजून चालू आहे. आपण शीर्षकावर ‘श्री’ काढतो, तसे. मी मोठ्या उत्साहाने या फाईलमध्ये लिहिले की, पाथ म्हणजे माझ्या प्रोग्रॅमचे फडताळ. फाईल ठेवली, बाहेर पडलो, पुन्हा आत आलो.

फायली पाहाव्यात म्हणून ‘एलएस’ म्हटले. उत्तर आले: अशी आज्ञा नाही. मी चमकलो. तारीख विचारली, अशी आज्ञा नाही. फाईल दुरुस्त करावी म्हणून लेखनाचे साधन मागितले. अशी आज्ञा नाही. बाहेर जाऊन पुन्हा आलो, तरी तेच. ‘सीडी’ म्हटले की मात्र इकडून तिकडे जाता येत होते, पण अंधाऱ्या घरात फिरावे तसे. मित्राचा प्रोग्रॅम, अठरा हजार ओव्या, विद्यार्थ्यांच्या आज्या, सारे त्या अंधारात होते. पेन ड्राइव्हवर प्रोग्रॅमची प्रत होती खरी. पण गेल्या महिनाभरात ओव्यांवर केलेल्या दुरुस्त्या फक्त तिथेच होत्या. माझ्या हाताला चक्क घाम सुटला. सौभाग्यवतींनी चहा आणून ठेवला, माझे तोंड पाहिले आणि काही न विचारता त्या परत गेल्या. वीस वर्षांच्या संसारात माणसाला एवढे कळू लागते.

“मामा, काही नाहीसं झालेलं नाही,” भाचा फोनवर हसत म्हणाला. “सगळं जिथल्या तिथं आहे. तुम्ही शेलला फक्त एकच फडताळ दाखवलंत आणि बाकीची सगळी विसरायला लावलीत. त्याला एलएसचं दुकान कुठं आहे ते आठवत नाहीये. पूर्ण पत्ता सांगा, जाईल.”

मी पूर्ण पत्ता टंकला: तिरपी रेघ, बिन, तिरपी रेघ, एलएस. आणि ओव्यांच्या फायली एकामागून एक समोर उभ्या राहिल्या! ‘सीडी’ चालत होते, कारण ते शेलच्या अंगचेच असते. बाकीच्या आज्ञा बाहेरून आणाव्या लागतात. भाच्याने सांगितल्याप्रमाणे मी जुनी यादी हाताने लिहून दिली, मग बॅशआरसी उघडली आणि माझी चूक पाहिली. माझ्या फडताळाच्या नावापुढे एक अपूर्णविराम द्यायला हवा होता आणि त्यापुढे ‘डॉलर पाथ’, म्हणजे ‘यापूर्वीची सारी यादी’. पाथमधली नावे अपूर्णविरामानेच वेगळी केलेली असतात. अपूर्णविराम म्हणजे ‘पुढे आणखी आहे’, हे मी वीस वर्षे अकरावीच्या मुलांना शिकवीत आलो. आणि नेमका तोच मी गाळला. आपले आणताना आधीचे ठेवायला विसरलो. नव्या सुनेने स्वयंपाकघर लावताना सासूचे डबे गच्चीवर नेऊन ठेवावेत, तसला हा प्रकार.

“आणखी एक, मामा. कंपायलर बॅशआरसीत ठेवूच नका. प्रत्येक कामाच्या चिठ्ठीतच लिहा, या कामाला अमुक आवृत्ती, अमुक लायब्ररी. म्हणजे दुसरं काम आलं तर भांडण नाही, आणि उद्या दुसऱ्या कोणी ती चिठ्ठी चालवली तरी त्याला कळेल.”

तशी चिठ्ठी लिहिली. मोठे काम दारातल्या यंत्रावर करायचे नसते. ओसरीवर दळण मांडले तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी जायचे कुठून? काम रांगेत लावायचे, पाळी आली की ते आतल्या यंत्रांवर जाते. माझे काम तीन तास रांगेत उभे राहिले आणि पाऊण तासात आटोपले. सोळा कोटी जोड्या! निकालाच्या फाईलमध्ये ओव्यांच्या बहिणी जोडीजोडीने लिहून आल्या होत्या. मी खाली खाली सरकत गेलो. सर्वांत शेवटी एक ओळ होती, ती ओवी नव्हती. मित्राने प्रोग्रॅमच्या अखेरीस छापायला लावलेली ती ओळ होती: ‘झाले हो मराठी. आता चहा.’

मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो.

दुसऱ्याच दिवशी त्या संगणकाच्या व्यवस्थापकांची सूचना आली: जुने कंपायलर या महिन्याअखेर काढून टाकण्यात येतील. त्यांचेही बरोबरच आहे. जुन्या वस्तू सांभाळायला माणूस लागतो, आणि जुन्या कुलपांच्या किल्ल्या चोरांनाही ठाऊक असतात. पण मग मित्राचा प्रोग्रॅम? भाचा म्हणाला, पाचांपैकी चार ठिकाणी एकेक शब्द घातला की नव्या कंपायलरला चालेल. माझे मन होईना. दिवंगत लेखकाच्या हस्तलिखितात शुद्धलेखन सुधारणारे संपादक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी वर्गात कडक बोललोही आहे. “दुसरा मार्ग आहे,” भाचा म्हणाला. “मजकुराला हात लावू नका. मेकच्या फाईलमध्ये कंपायलरला एक सूचना द्या, ‘एफकॉमन’. म्हणजे जुन्या रीतीनं, सामायिक धरून चाल.” कॉमन! पाच भावांची एक पेटी. ती सूचना घातली, अकरावी आवृत्ती मागितली, आणि मजकुरातले एक अक्षर न बदलता प्रोग्रॅम उभा राहिला.

दिवाळीच्या आधी गावी गेलो तेव्हा कागद घेऊन गेलो होतो. आई आता पंचाहत्तरीची आहे. तिच्या बेचाळिसांपैकी एका ओवीची बहीण लातूरकडच्या एका म्हातारीच्या तोंडी सापडली होती; सारे शब्द तेच, फक्त एक निराळा. आईच्या ओवीत भाऊ वाटेवर ‘थांबतो’, तिकडच्या ओवीत तो वाटेवर ‘थकतो’. मी दोन्ही वाचून दाखवल्या. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, ती म्हणते तेच खरं. थकतोच. माझी आईसुद्धा थकतो म्हणायची. माझंच चुकत गेलं इतकी वर्षं.”

मी म्हटले, “आई, मग बदलू का तुझ्यातलं?”

“नको,” ती म्हणाली. “मी म्हणाले तसंच राहू दे. खाली लिही, की ती बाई असं म्हणते.”

संपादनशास्त्रावर मी इतकी पुस्तके वाचली. इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

मजकूर आपण जपतो. वह्या बासनात बांधतो, फायलींच्या प्रती करून ठेवतो. पण तो मजकूर कोणत्या जात्यावर बोलत होता, हे मात्र लिहून ठेवत नाही. मग जाते माळ्यावर जाते आणि आपण म्हणतो, आई ओव्या विसरली. मित्राच्या चिठ्ठीखाली आता मी माझ्या चार ओळी लिहून ठेवल्या आहेत: कंपायलर कोणता, आवृत्ती कोणती, लायब्ररी कोणती, कोणती सूचना आणि का. उद्या माझा एखादा विद्यार्थी तो पेन ड्राइव्ह उघडील, तेव्हा त्याने ‘मेक’ म्हणावे आणि ते चालावे, एवढीच इच्छा आहे.

आणि शेवटची ओळ छापून आली की त्याने चहा घ्यावा.